दंडावरचे दोन ठिपके

“नाय. मी गेलेच नाय तिच्याकडं,” नामी म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या लिमयेवकिलांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. कोर्टात ते सारखं काहीतरी टिपून घेत असतात. पेन्सिल खाली ठेवली म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं मला त्यांच्या हाताखाली दीड वर्ष काढून कळलं होतं.

उलटतपासणी चालू होती. साक्षीदाराला आधी त्याच्या बाजूचा वकील प्रश्न विचारतो आणि मग समोरचा. ह्या दुसऱ्या फेरीला उलटतपासणी म्हणतात. समोरचे वकील मुंबईहून आले होते. ते आवाज अजिबात चढवत नसत.

“नीट आठव, बाई. खोपोलीच्या बाजारात गोंदणारीण बसते. तू तिच्यापुढे दंड उघडा करून बसली होतीस. होतीस ना?”

“नाय.”

“आमच्या मुकादमाने डोळ्यांनी पाहिलंय.”

“मुकादम खोटं बोलतो.”

वकील समाधानाने खाली बसले. त्यांना याहून जास्त काही नको होतं. कमिशनरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

मुकादम खोटं बोलत नव्हता. खोटं नामी बोलत होती. ते मला दिसलं, लिमयेवकिलांना दिसलं, आणि बहुधा साहेबांनाही दिसलं.

दावा काय होता ते आधी सांगते. साजगावजवळ नदीवर पुलाचं काम चालू होतं. काम एका कंत्राटदाराकडे होतं. नामी आणि तिचा नवरा धावू हे ठाकर. माथेरानच्या पायथ्याशी, चौक गावाच्या अंगाला त्यांची वाडी आहे. पावसाळा संपला की दोघं पुलावर येत आणि तिथेच झोपडी घालून राहत. धावू दगड फोडायचा, नामी डोक्यावरून खडी वाहायची. मार्गशीर्षात आसपासच्या दोन गावांत देवीची साथ आली. कंत्राटदाराने हुकूम काढला की ज्याच्या दंडावर ताजी देवी काढलेली, म्हणजे लस टोचलेली, नसेल त्याचं नाव हजेरीपटावर घ्यायचं नाही. त्याने आपलाच कंपाउंडर आणला, पुलाच्या कडेला टेबल मांडलं, आणि कामाच्या वेळात सगळ्यांना रांगेने टोचलं. टोचून झालं की मुकादम हजेरीचा बिल्ला देई. नामीच्या डाव्या दंडावर चार ठिकाणी टोचलं.

बाकीच्यांना दोन दिवस ताप आला आणि गेला. नामीचा दंड सुजला, मग पिकला. कर्जतच्या दवाखान्यात आणली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी कोपराजवळ दोनदा चिरा देऊन पू काढला. जीव वाचला. कोपर मात्र वाकडं राहिलं. हात सरळ होत नाही आणि डोक्यापर्यंत जात नाही. दोन हातांनी घमेलं उचलून डोक्यावर ठेवायचं, हेच जिचं काम, तिचं काम संपलं. कंत्राटदाराने थोडे पैसे देऊन कागदावर अंगठा घ्यायचा प्रयत्न केला. धावूने अंगठा दिला नाही आणि तो चालत आमच्या ऑफिसात आला.

आम्ही कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली अर्ज केला. असे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधीशाला कमिशनर म्हणतात. अर्ज इंग्रजीत करायचा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. कागदावर मला भीती वाटत नाही. उभं राहून चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी कुणाच्या तरी मागे सरते. सनद घेऊन दीड वर्ष झालं तरी मी कोर्टात “येस सर” आणि “नो सर” याच्यापलीकडे फारशी गेले नव्हते. लिमयेवकील त्यावरून मला कधी बोलले नाहीत. एवढंच म्हणाले होते, “कर्णिकबाई, तुम्ही लिहा. बोलायला मी आहे, तोवर.”

ह्या कायद्याची एक गंमत आहे. धावू ऑफिसात आला की दर वेळी सांगे, कंपाउंडरचा स्पिरिटचा दिवा वाऱ्याने सारखा विझत होता. प्रत्येक माणसामागे सुई त्या दिव्यावर धरून शुद्ध करायची असते. कंपाउंडर नंतर नंतर दिवा पेटवायचाच थांबला. लिमयेवकील त्याला दर वेळी तेच उत्तर देत.

“धावू, दिवा विझला का पेटला, आपल्याला सांगायचंच नाही. चूक कुणाची, हे हा कायदा विचारतच नाही.”

“मंग काय इचारतो?”

“इजा कामामुळे झाली का, आणि काम करताना झाली का. एवढंच.”

“मंग सोपं हाय की.”

“सोपं असतं तर मुंबईचा वकील कशाला आला असता?”

कंत्राटदाराचं म्हणणं दोन प्रकारचं होतं. एक म्हणजे, नामीचं काम खडी वाहण्याचं. देवी टोचून घेणं हे तिच्या भल्यासाठी, त्याचा कामाशी संबंध नाही. दुसरं म्हणजे, दंडात विष गेलं ते लशीच्या सुईने नव्हेच, ते गोंदणारणीच्या सुईने गेलं. टोचलं त्याच आठवड्यात नामी बाजारात गोंदून घेत होती, असं मुकादम सांगणार होता. पहिल्या मुद्द्याला आमच्याकडे उत्तर होतं. दुसरा मुद्दा त्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांची साक्ष आधी झाली होती. ते सरळ माणूस. ते म्हणाले की रोगी माझ्याकडे आला तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत सगळाच हात फुगलेला होता. विष कुठल्या सुईचं, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

आणि आता नामी खोटं बोलली होती. साक्षीदार एका गोष्टीत खोटा पडला की त्याच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

सुट्टीत लिमयेवकील बाहेर झाडाखाली गेले. मी एका तांब्यात पाणी घेऊन नामीकडे गेले. साक्ष अर्धी झालेली असताना साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवणं बरोबर नाही. मी पढवायला गेले नव्हते. मला एक गोष्ट बरेच दिवस खटकत होती, ती विचारायची होती.

ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसली होती. धावू लांब, बैलगाड्यांकडे होता. वैशाखातलं ऊन. सगळे घामाने निथळत होते, आणि नामीने डाव्या खांद्यावरून पदर घेऊन तो दंडाभोवती घट्ट लपेटला होता. ती नेहमीच तशी बसायची. ऑफिसात लिमयेवकिलांनी हात दाखव म्हटलं तेव्हा तिने कोपर दाखवलं होतं, दंड नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. मी स्वतः कागदांमागे लपणारी माणूस आहे. दुसऱ्याने काही झाकलं तर ते उघडायला सांगणं मला जमत नाही.

त्या दिवशी जमवलं.

“नामीबाई, दंड दुखतो का अजून?”

“नाय.”

“मग झाकता का?”

ती पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. मग धावूकडे एकदा बघून तिने पदर बाजूला केला.

दंडावर गोंदण होतं. ठिपक्यांची एक वेल, खांद्याच्या खालपासून कोपराच्या वरपर्यंत. जुनं, हिरवट निळं, कडा विरलेल्या. मधे देवीचे चार वण. त्यातले दोन वेलीच्या बाहेर होते. दोन बरोबर वेलीवर आले होते, आणि तिथे ठिपके नव्हते. तिथे गुळगुळीत पांढरट खळगे होते.

“देवीनं दोन खाल्ले,” ती म्हणाली. “आयनं गोंदवलेले, लगनाच्या आधी. बाय, माणूस मेलं का लुगडं ऱ्हात नाय, मणी ऱ्हात नाय. गोंदण तेवढं संगती येतं. आय मरून गेली. तिनं मला वळखायचं कसं?”

मी तांब्या पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

“म्हनून गेलते मी गोंदणारणीकडं. बरी झाले, घरी आले, मंग शिमग्याच्या बाजाराला गेलते. म्हनलं, दोन ठिपके भरून दे. तिनं बोट लावून बघितलं. म्हनली, ह्या कातडीवर रंग धरायचा नाय. आनि देवीच्या वणाला मी सुई लावणार नाय, तू पन कुनाला सांगू नको.”

“मग आत ‘नाही’ का म्हणालात?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या बाईला एवढंही कसं कळत नाही.

“वाडीत कळंल ना. देवीच्या खुणेवर सुई लावाया गेली. उद्या कुनाच्या पोराला देवी आल्या तर कोनाच्या नावानं बोटं मोडतील? त्याला पन म्हाईत नाय.” तिने हनुवटीने धावूकडे खूण केली.

मी तिला एवढंच म्हणाले की खरं असेल ते साहेबांना सांगा. ह्याला कुठल्याही वकिलाची हरकत असायचं कारण नाही. मग झाडाखाली जाऊन लिमयेवकिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पानाला चुना लावला, पान तोंडात टाकलं.

“फेरतपासणी तुम्ही घ्या,” ते म्हणाले.

उलटतपासणीत काही गोंधळ झाला तर आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारता येतात. ती फेरतपासणी. मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, “ती तुम्हाला सांगेल. मला सांगणार नाही. हा काही माझा मोठेपणा नाही, कर्णिकबाई. मला मिशा आहेत, एवढंच.”

फेरतपासणीत एक अडचण असते. उत्तर प्रश्नातच घालून देता येत नाही. “तू बरी झाल्यावर बाजारात गेलीस ना?” असं मी विचारलं असतं, तर मुंबईचे वकील तात्काळ उठले असते, आणि बरोबरच होतं. मला फक्त दार उघडायचं होतं. आत यायचं की नाही, हे नामीच्या हातात होतं. आणि मागच्या बाकावर धावू बसला होता.

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली. पहिला प्रश्न इतक्या हळू विचारला की साहेबांनी हात कानामागे नेला.

“नामीबाई, तुम्ही कधी गोंदणारणीकडे गेला होता का?”

साक्षीदाराला कोणी अहोजाहो करत नाही. कारकून गालातल्या गालात हसला. नामी हसली नाही. तिने दंडावरचा पदर आणखी घट्ट ओढला. मुंबईचे वकील उठायच्या बेतात होते, पण हरकत घेण्यासारखं मी काहीच विचारलं नव्हतं.

“गेलते,” ती म्हणाली.

“कधी?”

“दवाखान्यातनं घरी आल्यावर. शिमग्याच्या बाजाराला.”

“कशाला?”

मग तिने ते सगळं सांगितलं. व्हरांड्यात मला सांगितलं तसंच, त्याच क्रमाने, आईपासून. ती माझ्याकडे बघून बोलत होती, साहेबांकडे नाही, आणि मागे तर मुळीच नाही. शेवटी म्हणाली, “मगाशी मी खोटं बोलले. मुकादम खरं बोलतो. त्यानं बघितलं आसंल.”

कमिशनरसाहेब लिहीत होते. त्यांनी लेखणी थांबवली. “दंड दाखवशील?”

तिने पदर काढला. साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. त्यांनी चष्मा बदलून पाहिलं. मग त्यांनी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. डॉक्टर गाडीची वेळ होईपर्यंत बाहेरच थांबले होते, हे आमचं नशीब. त्यांनी दंड उजेडाकडे फिरवला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

“मी सुजलेला हात पाहिला होता, गोंदणाकडे लक्ष दिलं नव्हतं,” ते म्हणाले. “हे गोंदण बरंच जुनं आहे. सहा महिन्यांतलं नाही. आणि गोंदणाच्या सुईने पिकलं असतं तर वेल जागोजागी खराब झाली असती. बाकी एकूणएक ठिपका शाबूत आहे. गेलेत ते फक्त लशीच्या खळग्यांखालचे. माझ्या मते सडण्याची सुरुवात तिथे झाली.”

मुंबईच्या वकिलांनी विचारलं, हे खात्रीने सांगता का. डॉक्टर म्हणाले, “सकाळी नव्हतो सांगत. आता सांगतो.”

तरी मुकादम बाकी होता. तो आला. तो वाईट माणूस नव्हता, जरा बोलका होता. त्याने पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. फक्त ते कधी पाहिलं, ह्याचा घोळ कोणीतरी त्याच्या डोक्यात नीट बसवून दिला होता. तो म्हणाला, देवी टोचल्या त्याच आठवड्यात पाहिलं.

लिमयेवकील सावकाश उठले.

“गणपतराव, तुझी नजर चांगली दिसते. लांबून ओळखलंस?”

“वळखनार नाय तर. रोज बिल्ला देतो.”

“ती बसली कशी होती? साहेबांना करून दाखव बघू.”

गणपतरावाला असं काही करून दाखवायला आवडत असावं. तो पिंजऱ्यातच अर्धा खाली बसला. उजव्या हाताने डावा हात धरला. डावं कोपर वाकवून पोटाशी घेतलं, बरोबर नामीसारखं, आणि खांदा गोंदणारणीपुढे केल्यासारखा पुढे काढला.

“हात असा का धरलास?”

“सरळ होत नाय ना तिचा.”

साहेबांनी मान वर केली. गणपतराव तसाच बसून राहिला. मग त्याला कळलं. देवी टोचल्या त्या आठवड्यात नामीचा हात चांगला सरळ होता. त्या आठवड्यात ती खडी वाहत होती, आणि रोज तोच तिला बिल्ला देत होता.

“शिमग्याचा बाजार आसंल तो, साहेब,” तो उभा राहत म्हणाला.

“असेल,” लिमयेवकील म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल उचलली. जाता जाता त्यांनी आणखी एक विचारून घेतलं. दंडावर वण नसलेल्या कुणाला बिल्ला दिला होता का? मुकादम म्हणाला, “छे, मालकांचा सक्त हुकूम होता.” टोचून घेणं ही कामाचीच अट होती, हे त्यानेच सांगून टाकलं. पहिल्या मुद्द्याचं उत्तर आम्हाला वेगळं द्यावंच लागलं नाही.

बाहेर आलो तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी कारकुनाला उगीचच नमस्कार केला. नामी पायरीवर बसली होती. धावू तिच्यासमोर उभा होता. ती मान वर करत नव्हती.

“शिमग्याच्या बाजाराला,” धावू म्हणाला. “मला म्हनलीस, सुकट आणाया जाते.”

“आणली व्हती की सुकट.”

“खवट व्हती.” मग जरा वेळाने म्हणाला, “सांगितलं आसतंस तर मी आलो नसतो का गं संगती? तिला म्हनलो आसतो, माझ्या दंडावर घाल दोन, हिच्या नावानं.”

नामीने पदराने तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही. मी तिथून निघाले.

निकाल पंधरा दिवसांनी आला. अर्ज मंजूर झाला. जी सुई टोचून घेतल्याशिवाय कामावर घेत नव्हते, ती सुई कामाबाहेरची म्हणता येत नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. इजा त्याच सुईने झाली, हेही लिहिलं होतं. कंत्राटदाराने अपील केलं नाही. पैसे कमिशनरसाहेबांकडे जमा झाले आणि त्यांच्याकडून नामीला मिळाले. भातशेताचा एक तुकडा खंडाने, म्हणजे भाड्याने, करायचा आणि दोन म्हशी घ्यायच्या, असं दोघांनी ठरवलं होतं. म्हैस एका हाताने पिळता येते का, असं मी विचारलं. नामी म्हणाली, वेळ लागतो, पण म्हशीला कुठं गाडी गाठायची असते.

भरपाई मिळाली ती कोपराची. कोणत्या अवयवासाठी किती, ह्याचा कायद्यात एक तक्ता आहे. त्यात हात आहे, पाय आहे, डोळा आहे, अंगठा आहे. ठिपके नाहीत. ते मी तिला सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल.

“पन त्या कागदात लिवलंय का,” तिने विचारलं, “का दोन ठिपके व्हते, आनि देवीनं खाल्ले?”

मी निकाल उघडला. होतं. दंडावरील जुन्या गोंदणातले दोन ठिपके लशीच्या वणांमुळे नाहीसे झाले आहेत, असं साहेबांनी इंग्रजीत एका वाक्यात नोंदवलं होतं. मी तिला ते मराठीत सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं.

“सरकारी शिक्का हाय त्याच्यावर?”

“नक्कल काढली तर नकलेवर असतो.”

“मंग मला एक दे काढून. मी मेले का माझ्या संगती ठेवायचा. धावू, ध्यानात ठेव.”

“मी आधी मेलो तर?” धावू म्हणाला.

“तर मंग तू घेऊन जा. आयला दे.”

ह्या दाव्यातून मी शिकले ते एवढंच. माणूस कोर्टात खोटं बोललं की आपण वकील लगेच दाव्याचं काय होणार ह्याच्या काळजीत पडतो. त्यापेक्षा त्याने काय झाकलंय ते आधी विचारावं. आणि ते अर्ज लिहिण्याआधी विचारावं, साक्ष अर्धी झाल्यावर नव्हे. लिमयेवकिलांनी हे मला पुढे दोन-तीनदा बोलून दाखवलं.

नकलेचा अर्ज मीच भरला. त्यात नक्कल कोणत्या कामासाठी पाहिजे असा एक रकाना असतो. बहुतेक लोक अपील किंवा वसुली लिहितात. मी थोडा वेळ विचार केला आणि “खाजगी” असं लिहिलं. कारकुनाने काही विचारलं नाही.